शेजारच्या सीटपुढचा ब्रेक

तीर्थरूप वहिनींस,

साष्टांग नमस्कार. एरवी हा शब्द पत्रात नुसता लिहायचा असतो, पण यंदा मी तो बराचसा पाळतो आहे. गेले काही महिने माझं सगळं अंग दिवसातला बराच वेळ जमिनीला टेकलेलं असतं. (फरक एवढाच की मी पालथा नसून उताणा असतो, आणि समोर तुमचे पाय नसून एका जुन्या पिकअपचा गिअरबॉक्स असतो. तो अधूनमधून माझ्या कपाळावर तेलाचा थेंब टाकतो. त्याला मी आशीर्वाद समजतो.) इकडे मी खुशाल आहे. तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, आता पेपर चष्म्याशिवाय वाचता की अजून दादालाच मोठ्यानं वाचायला लावता? दादाचा रक्तदाब कसा आहे? आणि गुडघे? विशेषतः उजवा. (सहज विचारतो. डाव्याबद्दलही मला आपुलकी आहेच.)

हे फोनवर विचारता आलं असतं असं तुम्ही म्हणाल. पण फोन दादा उचलतो. तो म्हणतो, कसा आहेस, मी म्हणतो, बरा आहे. तो म्हणतो, जेवलास का, मी म्हणतो, जेवलो. मग तो म्हणतो, ‘बाकी?’ वहिनी, या एका शब्दानं माणसाचं तोंड जितकं घट्ट बंद होतं तितकं दुसऱ्या कशानं होत नसेल. सांगायचं पुष्कळ असतं, पण मीही ‘बाकी ठीक’ म्हणतो, आणि तो ‘चल, ठेवतो’ म्हणून ठेवतो. म्हणून हे पत्र, आणि तेही तुम्हाला.

मुद्द्याचं आधी सांगून टाकतो, नाहीतर मी भरकटेन आणि तुम्ही मध्येच उठून गॅस बंद करायला जाल. निवृत्त झाल्यावर मी भंगारातून एक जुनी पिकअप घेतली, घरालगतच्या शेडमध्ये ती दुरुस्त केली आणि आता ती चालते. फक्त थांबत नाही. ब्रेकचं काम अडलं आहे आणि ते एका माणसाचं काम नाही. त्याला दोन माणसं लागतात. माझ्याकडे सध्या एक आहे, तो म्हणजे मी.

गाडी घेतलीच कशाला, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. मी उभी नोकरी लिफ्टच्या कंपनीत काढली, आणि तीही एका खुर्चीत बसून. लिफ्टमध्ये अडकलेल्या लोकांचे फोन घ्यायचे आणि त्यांना शांत ठेवायचं. घाबरू नका, कशालाही हात लावू नका, शांत उभे राहा, आमचा माणूस निघालाय. (माणूस पुष्कळदा चहा पीत बसलेला असे. पण तो पोचेपर्यंत मी बोलत राहायचो.) अंधारात अडकलेला माणूस फार मोकळेपणानं बोलतो. कोणाचा जावई कसा निघाला, कोण कोणाला न सांगता दाताच्या डॉक्टरकडे चाललंय, हे सगळं मला माहीत असायचं. दिवसभर माणसांत असल्यामुळे घरी कोणी नाही हे कधी लक्षातच आलं नाही. निवृत्त झालो आणि दुसऱ्या दिवसापासून घर इतकं गप्प झालं की फ्रिजची मोटर सुरू झाली तरी मी दचकून ‘बोला’ म्हणायचो. एक दिवस रद्दी विकायला भंगारवाल्याकडे गेलो आणि पिकअप घेऊन आलो. लोक अशा वेळी रेडिओ घेतात, हे मला मान्य आहे.

गाडी नोकरीला माझ्याही आधी लागलेली असावी. गोल डोळ्यांचे दिवे, फुगीर मडगार्ड, मागे लाकडी फळ्यांचा हौदा, त्यातल्या निम्म्या फळ्या गायब. केबिनमध्ये भंगारवाल्याच्या कोंबड्या राहत होत्या. त्यानं कोंबड्या काढून घेतल्या, वास मात्र गाडीबरोबर फुकट दिला. पत्रा हात लागेल तिथून गळून पडत होता. मी एकेक भाग सोडवून घरात नेत गेलो. कार्बोरेटर जेवणाच्या टेबलावर उघडला, तेव्हापासून मी ओट्याशी उभ्यानं जेवतो. दिव्यांच्या काचा कपबशांच्या रॅकमध्ये. वॉशर आणि नट ठेवायला डबे पुरेनात म्हणून साखरेचा डबा रिकामा केला. (साखर कुठे ठेवली ते अजून सापडलेलं नाही. चहा बिनसाखरेचा पितो. डॉक्टर खूश आहेत.) तुम्ही हे घर आत्ता पाहिलंत तर दारातूनच परत फिराल, पण मला ते आवडतं. प्रत्येक खोलीत काहीतरी अर्धवट पडलेलं असतं, त्यामुळे सकाळी उठायला कारण असतं.

पत्रा ठोकायला लागलो आणि तिसऱ्याच दिवशी शेजारचा बेकरीवाला भांडायला आला. तो रात्रभर भट्टीवर असतो आणि दिवसा झोपतो, हे मला इतकी वर्षं शेजारी राहून माहीत नव्हतं. तो दारात उभा राहून बराच वेळ मला बोलला. वहिनी, खरं सांगतो, ऐकायला बरं वाटत होतं. मी उलट त्याला बसायला रिकामा टायर दिला. बोलून बोलून दमल्यावर तो म्हणाला, ‘ठोका, पण जरा लयीत ठोका हो, म्हणजे झोप लागेल.’ तेव्हापासून मी लयीत ठोकतो. पाव मात्र रोज ताजे मिळतात.

रंगाचं प्रकरण वेगळंच झालं. मला हिरवा आवडत होता आणि निळाही आवडत होता. घरात दुसरं माणूस असतं तर त्यानं हिरव्याला नाक मुरडलं असतं, मी हट्टानं हिरवाच लावला असता आणि विषय संपला असता. इथे दोन्ही बाजूंनी मलाच बोलावं लागलं, आणि भांडणात मी दोन्हीकडून हरलो. शेवटी एक दार हिरवं रंगवलं, एक निळं, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायचं ठरवलं. गॅसची टाकी आणणारा माणूस म्हणाला, छान. कोणतं छान, म्हणून विचारलं तर म्हणाला, टाकी आत ठेवू का? दारं अजून तशीच आहेत. त्यामुळे रस्त्याच्या या टोकाचे लोक माझ्या गाडीला हिरवी म्हणतात आणि त्या टोकाचे निळी.

आता केबिनबद्दल. सीट एकच, लांबलचक, तिघांची. गादी भरून घेतली, पाठ थोडी सरळ केली (तुमची कंबर लक्षात घेऊन), खिडकीशी हात ठेवायला जागा केली. आणि एक गोष्ट मी मुद्दाम बसवली आहे, जी कुठल्याच कंपनीनं कुठल्याच गाडीत दिली नसेल. शेजारच्या सीटपुढे, खाली, एक ब्रेक. तुम्हाला ठाऊक आहे, दादा गाडी चालवत नाही, पण जो चालवत असेल त्याच्या शेजारी बसून जमिनीवर पाय दाबत असतो. समोर सायकल आली की दाब, कुत्रं आडवं गेलं की दाब, आणि मी जोरात चाललोय असं वाटलं की दाबून धर. तरुणपणी मी एक सेकंडहँड गाडी वापरत होतो, तिचा त्या बाजूचा गालिचा दादानं झिजवला होता. म्हणून मी त्याच्यासाठी खरा पेडल बसवला. रबर आहे, स्प्रिंग आहे, दाबला की खाली जातो, सोडला की वर येतो. तो कशालाच जोडलेला नाही. पण दादाला ते सांगायचं नाही असं मी ठरवलं होतं.

मग इंजिन सुरू झालं. (एकदम नाही. आधी खोकलं, मग धूर, मग शेडमधून दोन मांजरं पळाली जी तिथे आहेत हेच मला माहीत नव्हतं, आणि मग सुरू झालं.) मला इतका आनंद झाला की गिअर टाकला. गाडी शेडबाहेर निघाली. मी ब्रेक दाबला. पेडल लोण्यात सुरी जावी तसा तळापर्यंत गेला आणि गाडी आपल्या चालीनं चालत राहिली, फाटकातून बाहेर, रस्ता ओलांडून पलीकडे. वेग माणसाच्या चालण्याएवढाच होता, पण त्यामुळे अपमान जास्त झाला, कारण बेकरीवाला शेजारून चालत मला विचारत होता, कुठे निघालात? शेवटी ती समोरच्या झुडपांच्या कुंपणात शिरून गप्प उभी राहिली. किल्ली फिरवून इंजिन बंद करता येतं हे मला नंतर आठवलं.

ब्रेकच्या नळ्यांत हवा राहिली होती. ती काढायची रीत अशी: एकानं केबिनमध्ये बसून ब्रेक दाबून धरायचा, दुसऱ्यानं खाली झोपून चाकामागचा एक छोटा नट सैल करायचा. तेलाबरोबर हवा बाहेर येते. नट घट्ट झाला की मगच वरच्यानं पाय काढायचा. आधी काढला तर हवा पुन्हा आत. असं चारही चाकांना. वरच्याला खालचा दिसत नाही, खालच्याला वरचा दिसत नाही, नुसत्या बोलण्यावर सगळं चालतं. मी पेडलवर विटा ठेवून पाहिल्या, त्या घसरल्या. सीट आणि पेडल यांच्यात केरसुणीचा दांडा अडकवला. खाली जाऊन नट सैल केला, पेडल खाली गेला, दांडा निसटला आणि हवा पुन्हा आत. वर जा, दांडा लाव, खाली जा. असं किती वेळा केलं ते सांगत नाही. मध्ये तेल सांडलं आणि ब्रेकचं तेल रंग खातं, त्यामुळे हिरव्या दाराला आता खाली एक पट्टा पत्र्याचा आहे.

शेवटी बेकरीवाल्याला बसवलं. तो बिचारा झोप सोडून आला. मी खाली झोपलो आणि म्हटलं, दाबा. त्यानं दाबला. मी नट सैल केला, हवा बुडबुडत यायला लागली आणि त्याला वरून काहीच दिसेना, तेव्हा त्यानं विचारलं, सगळं ठीक आहे ना? त्याच्या आवाजात जरा भीती होती. वहिनी, तो आवाज ऐकला आणि माझ्या तोंडून आपोआप, उभी नोकरी जसं म्हणत आलो तसंच निघालं: घाबरू नका, कशालाही हात लावू नका, शांत उभे राहा. तो ताबडतोब पाय काढून, गाडीतून उतरून, भिंतीशी शांत उभा राहिला. मी पुढचं वाक्यही म्हटलं: आमचा माणूस निघालाय. आणि मग नट हातात धरून तसाच पडून राहिलो. कोण निघालंय? कोणीच निघालेलं नव्हतं. वहिनी, मला त्या दिवशी फार एकटं वाटलं. बेकरीवाल्याला वाटलं, माझ्या डोळ्यांत तेल गेलं. मी त्याला तसंच वाटू दिलं.

असो. तक्रार नाही. कोणी यावं असा माझा आग्रह नाही. तुमची कामं, दादाची तब्येत, प्रवास लांबचा. माझं छान चाललं आहे. लहानांना आशीर्वाद, मोठ्यांना नमस्कार, आणि दादाला जे योग्य वाटेल ते.

तुमचा,
भावजी

ता.क. पुढचा महिना दादाला मोकळा असावा असं तुम्ही गेल्या वेळी म्हणाला होतात. पेडल दाबायला फार जोर लागत नाही. उजवा गुडघा चालेल. आयुष्यभर त्यानं नसलेला ब्रेक दाबला आहे, इतकी सवय असलेला माणूस मला दुसरा मिळायचा नाही.

ता.क. तुम्हीही या. रंग ठरवायचा आहे. तुम्ही जो म्हणाल त्याला मी थोडा वेळ विरोध करेन.

ता.क. ब्रेकला दोन माणसं लागतात हे मी वर लिहिलं, ते अगदीच खरं नाही. एकट्या माणसासाठी एक छोटा हातपंप मिळतो. तो चाकाकडून हवा ओढून घेतो, पेडलवर कोणी लागत नाही. ब्रेकचं काम अडलं त्याच आठवड्यात मी तो आणला आहे. खोकं अजून फोडलेलं नाही. फोडलं तर अर्ध्या दिवसात गाडी तयार होईल, आणि मग त्या लांबलचक सीटवर मी एकटाच बसेन. दादाला पंपाचं सांगू नका. त्याला एवढंच सांगा, की त्याच्यावाचून माझं काम अडलंय. ते काही खोटं नाही.