वन्संची चटई

प्रिय वन्सं,

चटईचा फोटो मिळाला. अर्ध्याच्या वर आलीय की. कडेला लाल लोकर घालू की जांभळी, असं तुम्ही विचारलंत आणि मी अजून उत्तर दिलेलं नाही, म्हणून रागावला असाल. केतकीच्या पानाची इतकी बारीक वीण तुमच्या वावाउ बेटावर आता कुणाला जमत नाही, हे मला ठाऊक आहे. पोटातलं बाळ बाहेर आलं की याच चटईत गुंडाळून तुम्ही त्याला ऑकलंडहून घरी नेणार, आपलं म्हणून वाढवणार, हेही ठरलेलंच आहे. तरी लोकरीचा रंग काही माझ्या तोंडून निघत नाही.

इकडे सगळे बरे आहेत, म्हणजे उभे आहेत. सकाळी मी वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना आंघोळी घालते, तिथून तशीच नर्सिंगच्या वर्गाला जाते आणि पाय सुजलेले म्हणून मागच्या बाकावर चपला काढून बसते. सेमिसी विमानतळाच्या गोदामात रात्रपाळीला असतो. आम्ही नवराबायको दारात भेटतो, एक आत येताना, एक बाहेर जाताना. घरभाडं वाढलंय. चर्चच्या वार्षिक देणगीला आमचं नाव पुकारतील तेव्हा सेमिसीला मान वर ठेवून पुढे जाता यावं, म्हणून आम्ही आत्तापासून मटण बंद केलंय. बाळ होईल नेमकं तेव्हाच माझी हॉस्पिटलातली प्रात्यक्षिकं सुरू होतात. ती चुकली तर वर्ष गेलं, आणि वर्ष गेलं तर फीची सवलतही गेली. हे सगळं तुम्हाला माहीत होतं, म्हणून तर तुम्ही बाळ मागितलंत.

आमच्या धाकट्या लिसिआतेच्या पाचव्या वाढदिवसाचा तो दिवस माझ्या डोक्यातून जात नाही. चर्चच्या हॉलमध्ये तुम्ही बापाची थोरली बहीण म्हणून सगळ्यांच्या वर बसला होतात. रीतीप्रमाणे केकचा सगळ्यात वरचा मजला तुमचा. तो घेऊन मी गुडघ्यांवर पुढे आले. तुम्ही केकला हात लावला नाहीत. माझ्या पोटावर हात ठेवलात आणि म्हणालात, "हा राहू दे, लोसे. मला हे दे." सगळा हॉल टाळ्या वाजवायला लागला, म्हाताऱ्या गायला लागल्या. मी मान खाली घातली. तुमच्यासमोर मी नेहमीच मान खाली घालते, वन्सं, दुसरं काय करणार? पण त्या दिवशी त्या खाली घातलेल्या मानेचा सगळ्यांनी होकार केला. मांडीवर केक घेऊन मी तशीच बसून राहिले आणि तुमच्या मानासाठी कंबरेला गुंडाळलेल्या चटईला क्रीम लागलं.

तेव्हापासून जो भेटतो तो माझ्या नशिबाची वाहवा करतो. बाळ घरातच राहणार, रक्ताच्या माणसाकडे, समुद्राच्या हवेत. तुझी नर्सिंगची शाळाही सुटणार नाही, अजून काय हवं? कुणाचंच बोलणं चूक नाही, हाच तर वैताग आहे. कुणी दुष्ट असतं तर भांडता तरी आलं असतं. घरात एकटा लिसिआते विरोधात आहे. तो म्हणतो, आत्याला आमची ताई द्या, ती मला मारते, आणि बाळ ठेवा. थोरल्या सिएनीने त्याला त्याबद्दलही एक लगावली. मी हसले आणि मग न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडले.

तुमच्याबद्दल वाईट आणू म्हटलं तरी मनात येत नाही. चर्चमधल्या बायका आपली तान्ही तुमच्या मांडीवर ठेवतात आणि प्रार्थना संपली की उचलून घरी नेतात, तेव्हा तुम्ही मांडीवरच्या कापडाच्या सुरकुत्या कशा सारख्या करता, ते मी पाहिलंय. माझी दोन्ही मुलं तुम्ही ठेवलेल्या नावांनी वाढताहेत. मला तुमचा रागही येतो आणि तुमच्यासाठी पोटात तुटतंही, दोन्ही एकाच वेळी.

सेमिसीवर रागावू नका, तो काही बोललेला नाही. तुमचा फोन आला की तो अजूनही खोलीतून उठून ओट्यावर जातो. बहिणीसमोर भावाने बाळंतपणाचा विषय काढायचा नाही, आणि तुम्हाला नाही म्हणण्याचा तर प्रश्नच नाही. मी एकदाच विचारलं. "अक्काने मागितलं म्हणजे दिलं," एवढंच तो म्हणाला आणि बूट घालून कामाला गेला. मग परवा गॅरेजमध्ये साबणाची पावडर आणायला गेले, तर ताडपत्रीखाली जुन्या बाजारातला एक पाळणा होता. कड्या घासलेल्या, एक बाजू रंगवलेली, ब्रश अजून ओला. मी ताडपत्री होती तशी घातली. जेवताना त्याच्या नखांना पांढरा रंग लागलेला होता. मी वाढत राहिले आणि त्याने हात लपवला नाही.

फोनवर हे बोलता आलं नसतं. तुमचा आवाज ऐकला की माझ्या तोंडून 'हो' येतं, आणि तुमच्याकडे फोन सगळ्या घराला ऐकू येतो. म्हणून ओळखीच्या माणसाच्या हाती हे पत्र देते आहे, फक्त तुम्ही वाचावं म्हणून. वन्सं, मला बाळ द्यायचं नाही. शाळेचं काय होईल, भाड्याचं काय होईल, मला माहीत नाही. कदाचित शाळा सुटेल. पण तुम्हाला 'नाही' म्हणायचा अधिकार ना मला आहे, ना तुमच्या भावाला. तो एकट्या तुम्हाला आहे. तुम्ही यालच, यायलाच हवं, नाव तुम्हीच ठेवायचं आहे. पण येऊन तुम्ही हात पुढे केलेत, तर मी बाळ त्या चटईत गुंडाळून तुमच्या हातात देईन, मान खाली घालून, आणि सगळे पुन्हा टाळ्या वाजवतील. म्हणून पाया पडून सांगते, हात पुढे करू नका.

तुमचीच,
लोसे