तोमासच्या व्हिसाचा मुहूर्त

मंगळवार, भाद्रपद वद्य दशमी. संध्याकाळ

आठ दिवस. घटस्थापना झाली की तिसऱ्या दिवशी माझ्या नवऱ्याचा, तोमासचा, व्हिसा संपतोय. आज कचेरीत फोन केला तर तिथल्या बाई म्हणाल्या, "मॅडम, मुदतवाढीच्या अर्जाला इतके दिवस का थांबलात? आता काही सांगता येत नाही."

का थांबले? कागद तयार झाले त्याच दिवशी पितृपक्ष लागला. मीच म्हटलं, आता घटस्थापनेला भरू. तोमासने कारण विचारलं, तर सांगून टाकलं, "बाबा म्हणाले." बाबा पंचवटीत यजमानांची श्राद्धं करतात, म्हणजे ते नकोच म्हणणार, हे मी धरूनच चालले. त्यांना विचारलं मात्र नाही. लग्नापासून ते तोमासशी बोलत नाहीत, मग त्याचा विषय काढायचा कसा?

आज काढला. बाबा नुकतेच नदीवरून आले होते. पाय धुता धुता म्हणाले, "मुदतवाढ म्हणजे चालू काम. त्याला कसला पितृपक्ष? कोणी सांगितलं तुला?"

मी तशीच आत जाऊन लॅपटॉप उघडला.

अर्ज आत्ताच भरला. आठ दिवस पुरतील? नाही पुरले तर त्याला चिलीला परत जावं लागेल. आणि मी?

तोमासला अजून खरं सांगितलेलं नाही. त्या दिवशी केवढा खूश झाला होता तो. "बाबांनी माझ्यासाठी पंचांग बघितलं?" असं त्याने दोनदा विचारलं होतं. दोन्ही वेळा मी हो म्हणाले.