काढलेले सहा अँटेना

सोमवार, ४ मार्च
लाल! शाळेमागच्या मोबाइल टॉवरचा खालचा पाय स्क्रीनवर लालभडक. नवे अँटेना चढवले की १११ टक्के – म्हणजे जोराचं वारं सुटलं तर पायावर त्याच्या ताकदीपेक्षा जास्त भार. पुन्हा तपासलं. तेच. जेवताना बाबांना सांगितलं. (बाबा म्हणजे सासरे, टॉवरची मजबुती तपासून देणारी आमची फर्मही त्यांचीच.) ते म्हणाले, जुने सहा वजा कर, काढायचेच आहेत ते. सासूबाईंनी भाजी वाढली आणि विषय संपला.

मंगळवार, ५ मार्च
वजा केले. ९६. हिरवागार टॉवर!

आमच्या धंद्यात हे सर्रास चालतं. अँटेना बंद पडले की कंपनी कळवते, काढून टाकू. आम्ही त्यांच्या शब्दावर तेवढा वाऱ्याचा भार कमी धरतो. वर चढून ते काढायला मात्र कुणाला सवड नसते. सहज जुना अहवाल उघडला. बाबांनी तेव्हाही हेच सहा वजा केलेत! त्याच्या आधीच्यातही. आता बाबांचा परवाना संपलाय. घरात अहवालावर सही चालते ती माझ्या एकटीची.

गुरुवार, ७ मार्च
स्वतः जाऊन आले. शाळेच्या कुंपणाशी दुर्बीण लावून उभी, आणि शिपाई माझ्याकडे असा बघतोय की मी पोरं पळवायला आलेय. सहाच्या सहा जागेवर. एकावर तर पक्ष्याने संसार थाटलाय. टॉवरवर चढणारा फिटर तिथेच भेटला. त्याला विचारलं, हे काढले का नाहीत?
"लावायचा हुकूम येतो मॅडम. काढायचा कधी येत नाही."
तेवढ्यात मधली सुट्टी झाली. सगळी पोरं टॉवरच्या बाजूच्या मैदानात.

शुक्रवार, ८ मार्च
बाबांना स्पष्ट सांगितलं, सही करणार नाही. आधी जुने उतरवू देत, नाहीतर पाय मजबूत करू देत. बाबा आवाज चढवत नाहीत, तिथेच तर घोडं पेंड खातं. चढवला असता तर भांडता तरी आलं असतं. "अगं, इतकी वर्षं उभा आहे ना तो? पडला का?" एवढंच म्हणाले आणि पेपर उघडला. तसं वादळ अजून आलेलंच नाही – हे उत्तर मला जिन्यात सुचलं. नेहमीप्रमाणे.

शनिवार, ९ मार्च
दुसरीकडे नोकरी असती तर राजीनामा तोंडावर फेकला असता. इथे ऑफिस खाली, घर वर, मध्ये एक जिना. राजीनामा देऊन जाऊ कुठे – वर? वर पुन्हा तेच चेहरे, ताट पुढ्यात घेऊन. सासूबाई माझ्याशी बोलत नाहीत, भांड्यांशी बोलतात. नणंदेचा फोन आला, एवढं काय ताणायचं म्हणाली. म्हणजे तिच्यापर्यंतही पोचलं! लेक आजोबांच्या मांडीवर खुशीत. तिला उचलून निघावं म्हटलं तर ती आजोबांचं बोट सोडायची नाही. श्वास कोंडतो या घरात.

सोमवार, ११ मार्च
सही नाही केली. अजून तरी.

गुरुवार, १४ मार्च
संध्याकाळी नवरा गच्चीत माझ्याशेजारी येऊन बसला. म्हणाला, "तुला पटत नाही ना, मग नको करूस. बाबांचं मी बघतो."
रडूच कोसळलं मला. या घरात एक तरी माणूस माझ्या बाजूचा आहे!

शनिवार, १६ मार्च
बाबा आज हसून बोलले. सासूबाईंनी आपणहून चहा दिला. मीच उगाच एवढी धास्तावले होते की काय? आज घास नीट उतरला.

गुरुवार, २१ मार्च
फिटरचा फोन. "मॅडम, नवे चढवले सगळे. तुमची सही वेळेत आली म्हणून अडलं नाही."
माझी सही! जुन्यांचं विचारलं. ते आहेत तसेच आहेत म्हणाला.

धावत खाली गेले, फाइल उघडली. ९६ टक्के. खाली माझं नाव, माझा परवाना क्रमांक. ही सही कॉम्प्युटरवर होते, तिला पासवर्ड लागतो. बाबांना तो माहीत नाही. बाळंतपणात काम अडू नये म्हणून मीच सांगितला होता – नवऱ्याला.
त्याला विचारलं. त्याने नजरही चुकवली नाही.
"तुला करावी लागू नये म्हणूनच मी केली ना."
आणि हे त्याला खरंच वाटतंय. लबाडी असती तर सोसली असती मी.

शुक्रवार, २२ मार्च
शाळेत फोन केला. म्हटलं, मुलांना मैदानात सोडू नका, टॉवरचा अहवाल खोटा आहे. मुख्याध्यापिकाबाईंनी शांतपणे विचारलं, असं म्हणणारे आपण कोण?
"त्या अहवालावर जिची सही आहे, ती."