घाण्यामागची वाकळ

८ मार्च १९८८
कस्तुराकाकूचं लुगडं गेलं! दारात वाळू घातलेलं — दिवसाढवळ्या! हिरवं, नारळी किनारीचं, लेकीच्या लग्नातलं. काकू उंबऱ्यावर बसून रडली. समदे म्हणत्यात, कोंडामावशीच्या उमाजीचं काम. बंद पडलेल्या तेलघाण्यामागं पडीक जागा हाय, तिथं पत्ते अन् दारू चालती. त्यांच्यात हा बसतो. माझी शाळा बी त्याच जागेपायी सुटली. वाट तिथूनच. माय म्हनली, "नको जाऊ." मी गेले न्हाई. मला कुनाला 'सरक' म्हणता बी येत न्हाई.

११ मार्च
ठाण्यातले नवे दत्तराव जमादार गल्लीत आले. पोट मोठं, आवाज बारीक! पारावर बायांना बोलावलं. "मी एकटा कुठं कुठं बघू? तुमी बी डोळे उघडे ठेवा."
काकू फटकन म्हनली, "आमचे डोळे वाकळ शिवन्यात जातेत."
"मग वाकळ घाण्यामागंच शिवा की!"
समद्या हसल्या. खरंच की! तिथंच बसायचं ठरलं.
जाताना जमादारांनी दम दिला — "उमाजीजवळ चोरीची एक जरी वस्तू घावली, तर परभणीच्या जेलात!" कोंडामावशी पदर तोंडात धरून उभी. एकुलतं एक लेकरू.

१४ मार्च
येडी बाभळ तोडली. जमादारांनी बी कुऱ्हाड धरली. माय म्हनली, "सरका साहेब, पाय तोडून घ्याल!" पंचायतीनं खांबावर बल्ब लावला. उमाजी कुनी न सांगता काटेरी फांद्या ओढायला लागला. माझ्याकडं बघितलं न्हाई. मी बी न्हाई. (थोडं बघितलं.)

१९ मार्च
पत्तेवाले आले, आमाला बघून मागं फिरले. बायांच्या मधी बसून कोण पत्ते खेळंल!

२ एप्रिल
आज वाकळीत भर घालायला घरोघरची जुनी कापडं आणली. कोंडामावशीला धड दिसत न्हाई, तिनं घरातलं चिंध्यांचं गठुडं तसंच उचलून आणलं. सोडलं — आत हिरवं लुगडं! नारळी किनार!
मावशीनं हात फिरवला, तिला हातानंच कळलं. काकूच्या पायाशी डोकं टेकायला गेली. तेवढ्यात जमादारांची सायकल वळणावर!
काकूनं किनारीवरून एकदा बोट फिरवलं. मग लुगडं वाकळीच्या पोटात पसरलं, वरून जुनं धोतर टाकलं. मला म्हनली, "नर्मदे, सुई ओव. बघतीस काय!"
"काय शिवायलाव बायांनो?"
"तुमचं डोस्कं!" काकू म्हनली. जमादार हसत गेले.
मग आमी समद्याजणी शिवत बसलो, भराभरा. काकू कुनाकडं न बघता म्हनली, "मला लेक दुसरं घेईल. कोंडीला लेकरू कोण देईल?"

३ एप्रिल
सकाळी उमाजी काकूच्या दारात लाकडं फोडत होता. काकूनं भाकर दिली. अन् शिव्या बी दिल्या. लय दिल्या.

२० एप्रिल
जमादारांनी उमाजीच्या गळ्यात शिट्टी घातली — आता गल्लीची राखण त्याच्याकडं! तात्याराव दुकानदार म्हनले, "बोक्याला दुधाची राखण!" पण आमी घाण्यामागं बसतोय त्याला महिना झाला, गल्लीतली कोंबडी बी गेली न्हाई. माय मला एकटीला घाण्यामागून दुकानाला धाडती.

८ मे
जमादारांची जिंतूरला बदली. वाईट वाटलं. काकू म्हनली, "वाकळ त्यालाच देऊ." माय तिच्या कानाला लागली, "अगं बया, पोटात काय हाय ठाव हाय ना?" दोघी हसून हसून रडल्या.

१२ मे
वाकळ द्यायला मलाच धाडलं. जमादारांनी ती मांडीवर घेतली. म्हनले, "तू कुनाला बोलत न्हाईस, म्हणून सांगतो. पारावर दम दिला ना, त्याच सांजेला उमाजी लुगडं घेऊन माझ्याकडं रडत आला. मीच म्हनलं — मायच्या गठुड्यात ठेव, बाया ठरवतील. पोरी, गठुडं सुटलं त्या दिवशी सायकलवरून येताना लय भेव वाटलं बघ, बाया पोराला धरून देत्यात का काय!"