कारकुनाच्या कवितेतून खोडलेली पाटी

अण्णा, आज कॉलेजात एक कविता शिकवली. तिच्यात एकच माणूस बोलतो, कवी कुठंच दिसत नाही. एका मुलीनं विचारलं, कवी त्याला एका शब्दानंही वाईट म्हणत नाही, मग आपल्याला त्याचं हसू का येतं? मी सांगितलं, त्याला काय बोलू द्यायचं आणि काय नाही, ते कवीच ठरवतो. हे सांगताना मी फळ्याकडं तोंड केलं होतं. कारण ही विद्या मी तुमच्यावरच शिकले.

संस्थान विलीन झालं आणि तुम्ही कारकून होता त्या तहसील कचेरीचं काम उर्दूतून मराठीत आलं, तेव्हा तुम्ही चाळिशी ओलांडली होती. तुमच्या उर्दू अक्षराची सगळे तारीफ करायचे. मराठी घरात बोलायची भाषा, पण लिहायचा हात नव्हता. टाक सवयीनं कागदाच्या उजव्या कडेला जाऊन थांबायचा. सकाळी चुलीपाशी तुम्ही पाटी घेऊन माझ्याजवळ बसायचात, अक्षरं गिरवायचात आणि विचारायचात, "बाई, बघा बरं, जमतंय का?" आठवीतल्या पोरीला अहोजाहो. मला त्याचा केवढा तोरा होता!

पुढं काही वर्षांनी धाराशिवच्या कविसंमेलनात मी कारकुनाची कविता वाचली. माझा कारकून जुन्या साहेबांनी दिलेल्या शाबासक्या सांगत सुटतो, मराठी उजवीकडून लिहायला घेतो आणि दोष कागदाला देतो. कच्च्या कवितेत पाटी होती. ती मी खोडली. पाटी राहिली असती तर कुणी हसलं नसतं. त्या दिवशी मात्र लोकांची मुरकुंडी वळली.

कळंबला परतताना, न सांगता ऐकायला आलेले तुम्ही एसटीत माझ्या शेजारी बसलात. येरमाळा मागं पडल्यावर म्हणालात, "लई हसली माणसं." मग म्हणालात, "पण त्या कारकुनाला घरी कुणीच न्हाय का गं?"

मी म्हटलं, अण्णा, कविताच आहे ती. तुम्ही मान डोलावलीत. नंतर माझ्या कविता मागून घेऊन वाचल्यात, पण ऐकायला पुन्हा कधी आला नाहीत.

तुम्हाला जाऊनही आता कैक वर्षं झाली. हे पत्र वहीतच राहील, म्हणून लिहिते. वाचताना तुम्ही आलेले मला ठाऊक नव्हतं, असं मी आईला सांगितलं होतं. ते खोटं होतं. वाचायला उठले तेव्हाच तुम्ही मागच्या सतरंजीवर दिसला होता. हातातल्या कवितांच्या वहीत वाचायला दुसरी कविताही होती. लोक 'पुन्हा, पुन्हा' म्हणाले तेव्हा ती कागदाची ओळ मी पुन्हा वाचली, आणि या खेपेला तुमच्या आवाजात.