हिरवं लागेपर्यंत

२ मार्च
आले बाई एकदाची! नोकरी नवी, गाव नवं, पण राहायला सख्खी आत्या, म्हणजे चैनच. खिडकीपाशी तिचं लाडकं सक्युलंट, गुबगुबीत पानांचं, हातभर उंच. आत्याला मूलबाळ नाही, सगळी माया त्याच्यावर. सख्ख्या भाचीचे एवढे लाड कधी केले नाहीस, असं मी चिडवलं. ती म्हणाली, हसू नकोस, त्याचं नि माझं एकच आहे. मी हसलेच.

६ मार्च
माती कोरडीठाक झाल्याशिवाय पाणी घालायचं नाही, असं आत्याचं फर्मान. मला तर झाड तहानलेलं वाटतं. ऑफिसला निघताना गुपचूप पेलाभर घालते.

१५ मार्च
पानं टपाटपा गळली. बुंधा दाबला तर बोट आत गेलं. पाण्याचं सांगून टाकलं. आत्या रागावली नाही. म्हणाली, अगं, अति तिथे माती. मग उपाय शिकवला: कुजलेलं कापत वर जायचं, आत स्वच्छ हिरवं लागेपर्यंत. वरचा तुकडा सुकवून कोरड्या वाळूत ठेवायचा. मी कापलं. मधोमध तपकिरी ठिपका. आणखी वर कापलं. ठिपका होताच. आत्या पाय चोळत बसली होती, मुंग्या आल्या म्हणून.

१८ मार्च
परत ठिपका. कापलं. आत्याच्या पायावर गरम चहा सांडला, तिला पत्ताच नाही. डॉक्टर म्हणाले, वय झालं.

२१ मार्च
कापलं. तिचे गुडघे गेले. आता माझ्या डोक्यात प्रकाश पडला. लिहायलाही वेडेपणा वाटतो. सुरी कपाटात ठेवून दिली.

२३ मार्च
कापलं नाही तरी कूज चढतेच. आत्यालाही. कमरेपर्यंत. पाय दाबायला गेले तर बोट — नको. तिला दुखत नाही. मला रडू यायला हवं होतं. आलं नाही. भांडी घासली. आत्याच म्हणाली, काप बाई, वरचं तेवढं तरी वाचव.

२५ मार्च
कापलं. हात गेले. मी भरवते. गिळते कसंबसं.

२६ मार्च
नुसता शेंडा उरलाय. आत्याची वाचा गेली. डोळे सुरीकडे. शेंड्यातही —

२७ मार्च
एकच पान धड आहे. एका पानालाही मुळं फुटतात म्हणे. फुटतीलही. सुरी पुसली. ती बघतेय. पण एवढ्याशा पानात आत्या कितीशी —