मोरीतली बाटली

गुरुवार, १२ डिसेंबर. संध्याकाळ.

आज सुमनला मारले. लग्नाला पंचवीस वर्षे झाली, बायकोवर कधी हात उचलला नव्हता.

दिवाळीपासून मीच घरातले ॲसिड, फिनाईल बंद केले. सांडपाण्याने परसातली गांडुळे मरतात, ते पाप नको. राख, रिठा, लिंबू एवढेच. नेम माझा, घासणार ती. बोअरच्या पाण्याचा पांढरा थर राखेने निघत नाही, हे तिने दहादा सांगितले. उद्या आमच्या रेखाला पाहायला पाहुणे येणार, म्हणून तिने धाड गावच्या बाजारातून गुपचूप बाटली आणली.

मोरीतून वास आला आणि माझा तोल गेला. बाटली हिसकावून परसात फेकली. सगळे ॲसिड मातीतच गेले.

ती म्हणाली, "गांडुळायची दया येते तुम्हाले. माहे हात पाह्यले का कधी?"

तोंडावर मारले. पुन्हा मारले. दुसऱ्यांदा का? पहिल्यावर थांबता आले असते.

ओठ फाटला. तिने तोंड झाकले तेव्हा हात दिसले. बोटांना चिरा, चिरांत राख.

रेखाने विचारले, "उद्या पाहुण्यायनं विचारलं तं काय सांगू?"

सुमनच म्हणाली, "सांग, आई मोरीत घसरली."

ऐकून मला हायसे वाटले.